चाळीस मिनिटांचं अंतर

रविवार, २ फेब्रुवारी

सतरा वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काढली. उद्यापासून मी विमानतळावर. ऐकायला मोठं वाटतं, पण आहे काय, तर एक धावपट्टी, पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या आणि एक वजनकाटा. दिवसाला एकच विमान, नऊ सीटचं. सकाळी डोंगरापलीकडच्या तसल्याच विमानतळावर जाणार आणि संध्याकाळी परत येणार.

बसला डोंगराचा वळसा घालून नऊ तास लागतात, विमानाला चाळीस मिनिटं. हे पलीकडच्या कागद गिरणीत फोरमन आहेत. बदलीला चार वर्षं झाली. महिन्यातून एकदा येतात, तेही प्रवासाने आंबून, आणि सुट्टी झोपण्यात जाते. खरं सांगायचं तर मी ही नोकरी धरली ती यांच्यासाठी. घरच्या माणसांना तिकीट निम्म्या दरात आहे. आता दर शनिवारी नवरा घरी. सासूबाई म्हणाल्या, "एवढं वरचेवर भेटून भांडला नाहीत म्हणजे मिळवलं."

सोमवार, ३ फेब्रुवारी

पहिलं उड्डाण. विमान लहान, त्यामुळे माणसांचंही वजन करावं लागतं आणि त्याप्रमाणे सीट द्यावी लागते. हे काम माझं. जड माणसं पंखाजवळ, हलकी मागे, सामान शेपटीकडे. जोडीच्या सीटच्या चार रांगा, आणि सगळ्यात मागे, सामानाच्या जाळीपलीकडे, एक एकटी सीट. एकदा बसलं की उतरेपर्यंत उठायचं नाही, कारण मधेच कोणी जागा बदलली तर विमान कलतं.

वजन काट्यावर दिसलं की बायका चोरट्यासारखं इकडेतिकडे बघतात. मी काट्याच्या तोंडावर रुमाल टाकला. आकडा मी एकटी वाचते, मोठ्याने बोलत नाही.

विमान उडालं की मी पलीकडच्या काउंटरला फोन करून "निघालं" म्हणायचं. उतरलं की तिथली बाई मला फोन करून "पोचलं" म्हणणार. तिचा आवाज गोड आहे. मी तिला ताई म्हणते, तीही मला ताईच म्हणते. कप्तान तरुण आहे, काळेभोर केस, गालावर खळी. मी बसस्थानकातून आले हे त्याला कळलं, तेव्हापासून मला "कंडक्टरबाई" म्हणतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हे आले. विमानातून उतरणाऱ्या नवऱ्याकडे काचेतून बघताना मला नव्या नवरीसारखं झालं. या वयात. गाल खरखरीत होते. म्हटलं, "दाढी करून तरी यायचं." म्हणाले, "केली होती की, दुपारी निघताना." तिकडची दाढीची पाती बोथट असतील.

शनिवार, २२ फेब्रुवारी

लोक विमानातून उतरतात ते विचित्रच. बसमधून उतरणारा माणूस आधी सामान शोधतो, मग रिक्षा, मग भांडण. विमानातले लोक उतरतात आणि जमिनीकडे बघत उभे राहतात. एक व्यापारी आज वाकून धावपट्टीला हात लावून आला. विचारलं, "काय पडलं का?" तो म्हणाला, "नाही. का लावला कोण जाणे." इमारतीपर्यंत चालत येईतो सगळे ठीक होतात, हसतात, बोलतात. प्रवास कसा झाला विचारलं की प्रत्येकाचं एकच उत्तर, डोळा लागला होता.

यांचीही दाढी आज चांगली आठ दिवसांची वाटली. नखंही वाढलेली.

शनिवार, ८ मार्च

एक बाई सोमवारी तान्हं बाळ घेऊन गेली होती. वजन करताना ते माझ्याकडे बघून हसलं होतं, नुसत्या हिरड्या. आज परत आली तर बाळाला चार दात. मी म्हटलं, "अगंबाई, पाच दिवसांत?" ती म्हणाली, "येतच होते." झबल्याच्या बाह्या कोपरापर्यंत आखूड झाल्या होत्या.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. दर सोमवारी यांच्याबरोबर एक दातांची डॉक्टरीण जाते आणि शनिवारी परत येते. तिचा दवाखाना पलीकडे आहे. चाळिशीची, नीटनेटकी. आज उतरल्यावर यांनी खिसे चाचपायला सुरुवात केली, तर तिने न विचारता आपल्या पर्समधून यांचा चष्मा काढून दिला. यांनी तिच्याकडे न बघताच घेतला. इतकी सवय बायकोला व्हायला वीस वर्षं लागतात. मला लागली.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

रविवार, ९ मार्च

विचारलं. म्हणाले, "कोण डॉक्टरीण?" मी म्हटलं, वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. तिचं नावसुद्धा माहीत नाही म्हणाले आणि शपथ घेतली. त्यांचा चेहरा खरा वाटत होता, हेच मला जास्त लागलं. खोटं बोलताना हे कान खाजवतात. कान खाजवला नाही.

रविवार, १६ मार्च

सासूबाईंना आता कमी दिसतं, त्या हाताने माणूस बघतात. यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "याचे हात माझ्याएवढे म्हातारे झालेत गं. गिरणीत काय करून घेतात याच्याकडून?"

मी म्हटलं, गिरणीत नाही, दवाखान्यात विचारा. त्यांना काही कळलं नाही.

सोमवार, २४ मार्च

कप्तान बदलला. केस पिकलेले, गालावर सुरकुत्या. मी नवीन माणसाशी बोलावं तसं अदबीने बोलले तर म्हणाला, "काय कंडक्टरबाई, आज एकदम अहोजाहो?" खळीच्या जागी सुरकुती होती.

विमानतळाच्या साहेबांना विचारलं, आधीच्याचे वडील का हो हे? साहेब हसले. "तोच आहे. ताणाने पिकतात काहींचे." मग त्यांनी मला उड्डाणांचा तक्ता दाखवला. रोज चाळीस, एखाद दिवशी एकेचाळीस. "वेळ बिनचूक, तक्रार एकही नाही. आणखी काय पाहिजे?" खरंच, आणखी काय पाहिजे. मी उगाच डोकं चालवते.

शनिवार, ५ एप्रिल

आज कहर झाला. हे सोमवारी गेले तेव्हा केस मानेवर आले होते. आज उतरले ते मानेवर केस बारीक कापलेले, आणि शर्टाच्या कॉलरवर कापल्याचे तुकडे तसेच. म्हणजे विमानात बसण्याच्या जरासं आधी कोणीतरी कापले. केस पांढरे होते. मी इतके पांढरे पाहिले नव्हते, पण ते नंतर सुचलं.

"कोणी कापले?" यांनी मानेवर हात फिरवला आणि बावळटासारखे बघत राहिले.

डॉक्टरीण काउंटरपाशी उभी राहून पर्स आवरत होती. पर्समध्ये लहानशी कात्री. पात्याला एक पांढरा केस.

मी यांची बॅग उचलून दाराकडे निघाले. लोक उभे होते.

सोमवार, ७ एप्रिल

सीट द्यायचं काम माझं आहे ना? दिली. डॉक्टरिणीला पहिल्या रांगेत, कप्तानाच्या पाठीमागे. यांना सगळ्यात मागे, जाळीपलीकडच्या एकट्या सीटवर. पुढे बॅगा छतापर्यंत रचल्या, म्हणजे मान उंच करूनही कोणी कोणाला दिसायला नको. वजनाच्या हिशेबात बसत होतं, कोणी बोट ठेवलं नसतं.

हे म्हणाले, "तिथे कशाला गं? तिथे नको." मी म्हटलं, "चाळीस मिनिटं एकट्याने बसलात तर काही झिजत नाही." विमानाच्या पायरीवर वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काट्यावरचा रुमाल झटकत होते.

"निघालं," मी फोनवर म्हटलं आणि चहा मागवला. तो चहा मला फार गोड लागला, हे इथे लिहून ठेवते.

फोन वेळेवर आला. "पोचलं," पलीकडची ताई म्हणाली. मग जरा थांबून, "ताई, तुमचे मिस्टर उतरत नाहीयेत. पट्टा सोडला आम्ही. पण ते बसूनच आहेत. हाक मारली तर बघतात फक्त."

गुरुवार, १० एप्रिल

गिरणीच्या डॉक्टरने तपासलं. झटका नाही, रक्तदाब ठीक. फोनवर मी बोलते, पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो. बोलायचं विसरलेत असं डॉक्टर म्हणाले. बोलायचं कोणी विसरतं का?

शनिवार, १२ एप्रिल

विमानात पाय टाकेनात म्हणून गिरणीतल्या माणसांनी त्यांना बसने आणून सोडलं. मी ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण आधी मला वाटलं की यांचे वडील आले, आणि ते तर जाऊन कितीतरी वर्षं झाली. दाढी छातीपर्यंत. डोळे माझ्यावरून गेले, भिंतीवरून जावेत तसे.

संध्याकाळच्या विमानाने डॉक्टरीण आली, ती सरळ माझ्या काउंटरवर. "त्यांना एकट्याला का बसवलंत?"

मी म्हटलं, "चाळीस मिनिटंच तर होती."

"हो," ती म्हणाली. "चाळीस मिनिटंच." आणि उभ्या उभ्या रडायला लागली. मी तिला आतल्या खोलीत नेलं. ती म्हणाली, "मला काही आठवत नाही हो. विमानातलं कोणालाच आठवत नाही, झोपच लागते. पण मंगळवारपासून कानात एकच चाललंय. पाठीमागून कोणीतरी हाका मारतंय. खूप हाका. आणि मला मागे जाता येत नाहीये." तिने डोळे पुसले. "मग हळूहळू हाका कमी होतात. मग थांबतात. थांबल्यावर जास्त भीती वाटते."

तिचेही केस मुळाशी सगळे पांढरे होते. फेब्रुवारीत नव्हते.

मला काय समजायचं ते समजेना. पण माझ्या हातून काहीतरी झालंय. काय, ते माहीत नाही, आणि कोणाला विचारू तेही माहीत नाही.

शनिवार, १९ एप्रिल

आठवडाभर रजा. यांना भरवते, दाढी केली, नखं काढली. तोंडातून शब्द नाही. माझा हात लागला की दचकतात. सासूबाई शेजारी बसून बोलतच राहतात, अगदी लहानपणीच्या गोष्टी. आज त्या थकून म्हणाल्या, "वस्तू जिथे हरवली तिथेच शोधावी गं. दिवा घरात आहे म्हणून घरात शोधून कसं चालेल?"

बोलणं त्या सीटवर हरवलंय. सोमवारी यांना घेऊन मी जाणार. काय आहे त्या चाळीस मिनिटांत, माझ्या डोळ्यांनी बघणार. पायरीशी अडले तर जबरदस्ती करायची नाही, असं ठरवलंय. डायरी बरोबर घेते.

सोमवार, २१ एप्रिल

अडले नाहीत. मी आधी चढले आणि हात पुढे केला, तेव्हा आले. दुसरी रांग, मी खिडकीशी, हे शेजारी. साहेब काउंटर सांभाळतायत. मागच्या रांगेत डॉक्टरीण. विमान वेळेवर उडालं. पत्र्याचं छप्पर खाली इतकं लहान दिसलं. घड्याळात नऊ वाजून एकोणीस मिनिटं. पंखाखाली खडीच्या खाणीचा पांढरा कडा आहे. आत्तापर्यंत सगळं ठीक.

सोमवार, २१ एप्रिल

मी झोपले, उठले, परत झोपले. नऊ एकोणीस. पंखाखाली तोच पांढरा कडा. काटा चालतोय, कान लावून ऐकलं.

ओरडले. कोणीही वळून पाहिलं नाही. डॉक्टरीण मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पहिल्यांदा सगळेच ओरडतात. शेजारी कोणी असलं की सोसतं." इथे तिला सगळं आठवतं. इथे सगळ्यांनाच आठवतं. जमिनीवर पाय लागला की पुसलं जातं.

सोमवार, २१ एप्रिल

भूक लागत नाही. केस वाढतात, नखं वाढतात. सुरुवातीला थोडंच लांबायचं, काही दिवस, म्हणे. आता दर खेपेला जास्त. लोक एकमेकांना सगळं सांगून टाकतात, मग तेच पुन्हा सांगतात. व्यापाऱ्याची गोष्ट मला पाठ झाली आहे. कप्तान वळत नाही, पण बोलतो. "कंडक्टरबाई, पुढचा स्टॉप कधी?" म्हणतो. पहिल्यांदा हसले होते.

यांच्याशी मी सारखी बोलते. बोलत नाहीत. त्या एकट्या सीटवर किती काळ गेला ते डॉक्टरिणीला विचारलं. तिने माझे केस विंचरून दिले.

सोमवार, २१ एप्रिल

नऊ सत्तावीस. हे बोलले.

मी डॉक्टरिणीची माफी मागत होते, चष्मा, कात्री, सगळ्याची. म्हटलं, हे तुम्हाला एवढ्या हाका मारत होते आणि मी मध्ये बॅगांची भिंत घातली. तर शेजारून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. "तिला नाही." मी वळले. म्हणाले, "तुला मारत होतो. तू काउंटरवर होतीस ना. म्हटलं, खिडकी उघडी असेल, ऐकू जाईल."

त्यानंतर मी किती रडले ते घड्याळात दिसत नाही.

सोमवार, २१ एप्रिल

नऊ एकेचाळीस. डॉक्टरिणीने पुढे कात्री दिली, यांनी माझे केस कापले. वाकडे कापले. पांढरे झालेत. आमची सगळी भांडणं भांडून झाली, लग्नाच्या आधीचीसुद्धा. आता बोलायला काही उरलं नाही. गप्प बसतो आणि ते बरं वाटतं. चार वर्षं महिन्यातून दोन दिवस भेटायचो. सगळी थकबाकी फिटली.

सोमवार, २१ एप्रिल

धावपट्टी दिसते आहे. सगळे बटणं लावतायत, एकमेकांचे हात धरतायत, निरोप घेतल्यासारखे. हे म्हणाले, "पायरीवरच विसरशील." म्हटलं, म्हणून लिहिते. पेन्सिल बोटभर उरली आहे. खाली गेल्यावर वाचशील तेव्हा एवढं कर: कोणालाही एकटं बसवू नकोस.

सोमवार, २१ एप्रिल, दुपार

प्रवास चांगला झाला. डोळा लागला होता. पलीकडची ताई प्रत्यक्ष भेटली. माझ्याकडे बघून तिच्या हातातला कप कलंडला. मग सावरून म्हणाली, "आज दोन मिनिटं लवकर आलं."

हे बोलले! मी विचारलं, चहा घेणार का, तर म्हणाले, "घेऊ की." इतकं साधं. मी तिथेच बसले.

मग ही पानं दिसली. अक्षर माझंच आहे. वाचलं, दोनदा वाचलं, यातलं मला काही आठवत नाही. यांना दाखवलं, त्यांनाही नाही. खोटं म्हणावं तर तिथल्या आरशात एक म्हातारी होती आणि तिचे केस वाकडे कापलेले होते. बाकावर बसलो असताना यांनी न बघता हात बाजूला केला आणि मी न बघता धरला. आमची अशी सवय नव्हती. आम्ही कधी चारचौघांत हात धरले नाहीत.

बसने परत निघालो. नऊ तास. हे म्हणाले, "नऊ तासांत पोचतोय म्हणजे फारच लवकर."

मंगळवार, २२ एप्रिल

सासूबाईंनी माझा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, मग केस. वाकड्या कापलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. मला घरात बरोबरीचं कोणी नव्हतं."

गुरुवार, २४ एप्रिल

साहेबांना पानं दाखवली. त्यांनी एक वाचलं, मिटलं आणि सुट्टी वाढवून घ्या म्हणाले. तक्ता पुन्हा दाखवला. सोमवारी अडतीस मिनिटं, आजवरची सगळ्यात कमी. वरून शाबासकी आली आहे. मी नोकरी सोडली तर माझ्या जागी कोणीतरी येईल आणि वजन बघून सीट देईल. सोडली नाही. यांनी मात्र गिरणीला कळवलं, महिन्यातून एकदा, बसने.

सोमवार, २८ एप्रिल

प्रत्येकाला सांगितलं, बसने जा, बस बरी. हसले सगळे. "नऊ तास कोण घालवणार?" डॉक्टरिणीला पानं वाचायला दिली होती. ती सकाळच्या बसने गेली.

एक म्हातारं जोडपं आलं, नातवाला बघायला निघालेलं. आजोबा ब्याण्णव किलो, आजी चाळीस. रुमालाखाली आकडे बघितले. हिशेबाने आजोबा पंखाशी आणि आजी मागे, जाळीपलीकडे. कप्तानाने पांढऱ्या भुवया उंचावून तेच सुचवलं. मी टपालाच्या दोन गोण्या उतरवल्या, एका माणसाची पेटी पुढे घेतली, परत बेरीज केली, परत एक गोणी उतरवली. मग दोघं शेजारी शेजारी बसली.

आजी म्हणाल्या, "अगं, चाळीस मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला? मी बसले असते मागे."

"असू द्या," मी म्हटलं आणि त्यांचा पट्टा स्वतः लावला. एकट्या सीटवर टपालाची एक गोणी ठेवली.

विमान डोंगराआड गेलं. मी फोन उचलून "निघालं" म्हटलं. काउंटरची खिडकी आता मी उघडीच ठेवते.